‘गोळी तोंडाने दे’ : कापल्या गेलेल्या एका नोंदीचं प्रकरण

परळ, लालबाग, नायगाव, शिवडी या पट्ट्यातल्या चाळींमध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी एक छोटी संस्था आहे. नाव देत नाही, कारण पुढे जे घडलं ते कुठल्याही संस्थेत घडू शकलं असतं. तिथे पाच सिस्टर आहेत. प्रत्येक भेटीनंतर त्या मोबाइलवर एक नोंद लिहितात. या नोंदी साठवणारा डेटाबेस नव्याने बांधायचं काम माझ्याकडे आलं. ते का आलं, इथून सुरुवात करतो.

एका आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. रुग्णालयातून घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांना गिळताना त्रास व्हायला लागला. अशा रुग्णाला पातळ पाण्याबरोबर गोळी दिली की ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका असतो. मोठ्या सिस्टरांनी संध्याकाळच्या भेटीत हे ओळखलं, डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि सविस्तर नोंद लिहिली. दुसऱ्या दिवशी धाकट्या सिस्टर गेल्या. जिन्यात उभं राहून त्यांनी नोंद वाचली. शेवटची ओळ होती, ‘उद्यापासून रक्तदाबाची गोळी तोंडाने दे’.

त्यांनी गोळी काढली, पेला हातात घेतला. तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, “अहो सिस्टर, काल मोठ्या सिस्टरांनी नको सांगितलंय. ठसका लागतोय त्यांना.” लगेच फोन झाला. पलीकडून मोठ्या सिस्टर जवळजवळ ओरडल्याच, “अगं, ‘देऊ नका’ लिहिलंय मी!”

पडद्यावर मात्र ‘दे’ एवढंच होतं. ‘ऊ नका’ गेलं होतं.

आजोबांना काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर सिस्टरांचा मोबाइलवरचा विश्वास उडाला आणि ते अगदी योग्यच होतं.

मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, “अरे, मी पूर्ण लिहिलं होतं. सेव्ह केल्यावर परत उघडून वाचलंसुद्धा. मग सकाळपर्यंत गेलं कुठे?” आधी ज्यांना विचारलं त्यांनी हे ऐकून ‘तुमचं घाईत लिहायचं राहिलं असेल’ असं उत्तर दिलं होतं. मला ते पटलं नाही. तीस वर्षं रुग्णांची नोंद लिहिणारी बाई वाक्य ‘दे’वर सोडत नाही. शोध घेतला तेव्हा त्यांचं म्हणणं शब्दन् शब्द खरं निघालं.

चाळीच्या आतल्या खोल्यांत नेटवर्क धड मिळत नाही. म्हणून ॲप आधी मोबाइलमध्येच, एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये, नोंद ठेवत असे आणि नेटवर्क आलं की सर्व्हरवर पाठवत असे. दोन्हीकडच्या टेबलात नोंदीचा कॉलम एकाच मापाचा होता, व्हारचार २५५, म्हणजे जास्तीत जास्त २५५ चिन्हांचा मजकूर. फरक असा की एसक्यूलाइट हा आकडा पाळतच नाही. तिथे २५५ लिहा नाहीतर २५, पूर्ण मजकूर बसतो. सर्व्हरवर मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर होतं आणि ते २५५ म्हणजे २५५ मानतं. मजकूर जास्त असेल तर खरं म्हणजे त्याने चूक दाखवून नोंद नाकारायला हवी, कारण मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो. पण कधीतरी जुना कोड चालावा म्हणून कुणीतरी तो बंद केला होता. स्ट्रिक्ट मोड बंद असला की मायएसक्यूएल जादा मजकूर कापतं, बसेल तेवढा ठेवतं आणि फक्त एक इशारा नोंदवतं. तो इशारा कुणीच वाचत नव्हतं. नंतरच्या सिंकमध्ये सर्व्हरची प्रत मोबाइलवर उतरे आणि मोबाइलमधली पूर्ण नोंद पुसून तिच्या जागी कापलेली बसे.

म्हणजे सिस्टरांनी संध्याकाळी वाचलं ते पूर्ण होतं, सकाळी दिसलं ते कापलेलं होतं. दोन्ही खरं.

आता २५५ हा आकडा. तो आला कुठून? मायएसक्यूएलच्या ५.०.३ आवृत्तीपर्यंत व्हारचारची कमाल मर्यादाच २५५ होती. शिवाय एका बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एका एककात, ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, त्यामुळे लांबी नोंदवायला एकच बाइट पुरतो हा एक फायदा. मर्यादा उठून कितीतरी वर्षं झाली, पण बोटांना सवय राहिली. मराठी मजकुराला तर तो फायदाही मिळत नाही, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि २५५ चिन्हांच्या कॉलमची लांबी सांगायला दोन बाइट लागतातच. आणि व्हारचार काही २५५ ची जागा अडवून बसत नाही, जेवढा मजकूर तेवढीच घेतो. थोडक्यात, त्या २५५ ने एका पैशाचीही बचत केली नव्हती.

मराठीत हे २५५ किती होतात, हे संस्थेतल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि टेबल बनवणाऱ्यालाही नसावं. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी लिप्यांमधल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, लेखी एक चिन्ह नसतं. मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, हलन्त वेगळा. सिस्टरांच्या नोंदीत पदोपदी येणारा शब्द घ्या, ‘श्वासोच्छ्वास’. वाचताना चार अक्षरं : श्वा, सो, च्छ्वा, स. डेटाबेससाठी १३ चिन्हं आणि ३९ बाइट. ‘रात्री जेवल्यावर ठसका लागतो’ हे चार शब्दांचं वाक्य मधल्या मोकळ्या जागांसह २७ चिन्हं आणि ७५ बाइट घेतं. या हिशेबाने २५५ चिन्हांत चाळिसेक शब्द मावतात. चाळीस शब्दांत ताप, नाडी, रक्तदाब, जखमेची अवस्था आणि घरच्यांचं म्हणणं एवढं सांगून होतं. महत्त्वाचं नेमकं त्यानंतर येतं.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते मराठी वाक्याच्या घडणीने. आपल्याकडे क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘ताप नाही’, ‘जेवण गेलं नाही’, ‘बाजू बदलताना डावा हात ओढू नका’. शेपूट कापलं की वाक्य नुसतं अपुरं राहत नाही, ते उलटं होतं आणि तरीही पूर्ण वाटतं. ‘ताप’, ‘जेवण गेलं’, ‘देऊ नका’चं ‘दे’. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे तिथे शेवट गेला तरी ‘नको’ बहुतेक वेळा हाती राहतं. मराठी नोंदी साठवणाऱ्याला ही सवलत नाही. म्हणून नव्या डेटाबेससाठी मी एकच गोष्ट पक्की धरली : नोंद एक तर पूर्ण साठेल, नाहीतर नाकारली जाईल आणि तसं लिहिणारीला तिथल्या तिथे कळेल. तिसरी वाट नाही.

बांधायला घेण्याआधी आठवडाभर मी सिस्टरांच्या वह्या वाचल्या. त्या सगळ्या जणी मोबाइलखेरीज स्वतःची एक वहीही ठेवतात, आणि ती सवय नसती तर पुढचं बरंच काही हाती लागलं नसतं. वह्यांत नोंदींची लांबी अशी काही बदलते की सरासरी काढण्यात अर्थ नाही. ‘दार बंद. शेजारी म्हणाले गावी गेले.’ ही एक पूर्ण नोंद. ‘आजी गेल्या. ५.४०.’ हीसुद्धा. आणि त्याच वहीत, सतत पडून राहून पाठीवर झालेल्या शय्याव्रणाची चार पानं : आकार, वास, कडा, कुठल्या दिवशी काय लावलं, मुलगा रात्रपाळीला असतो म्हणून दर दोन तासांनी कूस कोण बदलणार यावर घरात झालेलं बोलणं.

कार्यालयातून दोन सूचना आल्या होत्या. पहिली अशी की नोंद किमान ५० अक्षरांची असावी, म्हणजे सिस्टर नीट लिहितील. मी तिला विरोध केला आणि सिस्टरांनी माझ्याहून जोरात केला. ‘दार बंद’ला ५० अक्षरं करायची तर उरलेली खोटी असणार. आम्ही एवढीच अट ठेवली की मोकळ्या जागा वगळून नोंदीत काहीतरी असलं पाहिजे. रिकामी ओळ नको आणि ‘नोंदच नाही’ हे दाखवणारं शून्यमूल्यही नको.

दुसरी सूचना लहान नोंदी एका टेबलात आणि मोठ्या दुसऱ्यात ठेवण्याची. ऐकायला बरी वाटते, पण नोंद वाढते. सिस्टर रात्री घरी जाऊन दोन ओळी घालतात आणि लहान नोंद मोठी होते. मग ती एका टेबलातून दुसऱ्यात हलवा, तिच्याकडे बोट दाखवणारे सगळे दुवे बदला, प्रत्येक शोध दोन ठिकाणी घ्या. लांबी हा नोंदीचा प्रकार नव्हे. जुन्या काळी मोठा मजकूर २५५-२५५ चे तुकडे करून ओळ क्रमांकांसह ठेवत, तोही विचार झाला. तुकडा नेमका ‘दे’ आणि ‘ऊ’ यांच्यामध्ये पडू शकतो आणि तसा पडला की ‘देऊ’ हा शब्द शोधात सापडत नाही. मजकूर वेगळ्या फायलींत ठेवून डेटाबेसमध्ये फक्त पत्ता ठेवायचा, हा तिसरा पर्याय. त्यात बॅकअप दोन ठिकाणचा, आणि फाइल आहे पण ओळ नाही किंवा ओळ आहे पण फाइल नाही, अशी भुतं तयार होतात. शय्याव्रणाच्या फोटोंसाठी आम्ही फायलींचा मार्ग घेतला, मजकुरासाठी नाही.

मायएसक्यूएलमध्येच साधा टेक्स्ट कॉलम करून चाललं नसतं का? चाललं असतं. त्यात ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची २१,८४५ चिन्हं, तीनएक हजार शब्द. तो अपुरा पडला तर मीडियमटेक्स्ट आहे, १ कोटी ६७ लाख बाइटांचा. स्ट्रिक्ट मोड चालू केला असता आणि चिन्हसंच बदलला असता तर काम झालं असतं. चिन्हसंच बदलणं गरजेचंच होतं. त्या सर्व्हरवर मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ-८’ होता, आणि तो प्रत्येक चिन्हाला ३ बाइटांपर्यंतच जागा देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही, कारण त्याला ४ लागतात. घरच्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर सिस्टर कधी कधी नोंदीत चिकटवत. त्यात हात जोडल्याचं चिन्ह असलं की स्ट्रिक्ट मोड बंद असताना त्या चिन्हापासून पुढचं सगळं कापलं जाई. नमस्कारानंतर लिहिलेला निरोप गायब. ४ बाइट सामावणारा चिन्हसंच मायएसक्यूएलमध्ये ५.५.३ पासून आहे आणि ८.० पासून तोच मूळ निवडीत असतो. हे टेबल त्याच्याआधीच्या वळणाचं होतं.

तरीही आम्ही पोस्टग्रेस हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर निवडलं. कारण तिथे टेक्स्ट या प्रकाराला लांबी द्यावीच लागत नाही, आणि व्हारचारच्या तुलनेत तो हळूही नाही. एका रकान्याची कमाल मर्यादा १ जीबी, म्हणजे आमच्यासाठी नसल्यासारखीच. व्हारचारला लांबी दिलीच आणि मजकूर जास्त झाला, तर पोस्टग्रेस नोंद नाकारतो. एक अपवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मजकूर मुद्दाम ठरावीक लांबीच्या व्हारचारमध्ये रूपांतरित करायला सांगितलं, तर पोस्टग्रेसही मुकाट्याने कापतो. आमच्या कोडमध्ये असं रूपांतर कुठेही नाही, हे मी ओळीओळीने तपासलं.

टेबल अगदी साधं झालं. नोंदीचा क्रमांक, भेट, रुग्ण, लिहिणारी सिस्टर, लिहिल्याची वेळ, सर्व्हरवर पोचल्याची वेळ आणि मजकूर. मजकूर त्याच टेबलात आहे, वेगळा काढलेला नाही. यावर एका मित्राने विचारलं की चार पानांच्या नोंदींमुळे यादी उघडताना टेबल जड होणार नाही का. नाही होत, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे. पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांवर ओळी मांडतो आणि एक ओळ दोन पानांवर पसरू देत नाही. ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की तो आधी लांब मजकूर दाबून पाहतो. तरी बसली नाही तर मजकुराचे तुकडे करून शेजारच्या एका आतल्या टेबलात ठेवतो आणि मूळ ओळीत फक्त खूण सोडतो. या सोयीला तिथे टोस्ट म्हणतात. हे तुकडे आपल्याला दिसत नाहीत, मजकूर मागितला की अखंड मिळतो. मराठीत २ केबी म्हणजे शंभरेक शब्द. त्याहून लहान नोंदी ओळीतच राहतात, मोठ्या आपोआप बाजूला जातात. कार्यालयाने सुचवलेली लहान-मोठ्याची विभागणीच ही, पण डेटाबेसच्या पोटात, दुवे न तोडता होणारी. दाबण्याच्या बाबतीत देवनागरीचा एक गुण कामी येतो. प्रत्येक चिन्हाच्या ३ बाइटांपैकी पहिला नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनच किमतींपैकी एक, त्यामुळे पुनरावृत्ती भरपूर मिळते.

फक्त एक पथ्य पाळावं लागतं. यादीच्या पडद्यासाठी ‘सगळे कॉलम आण’ असं सांगायचं नाही. मजकूर मागितला नाही तर बाजूला ठेवलेले तुकडे उचललेच जात नाहीत. जुन्या ॲपमध्ये यादीसाठीही सगळं मागवलं जात असे.

जागेचा हिशेब घाबरवणारा नाही. वहीचं तीनशे शब्दांचं एक पान साधारण ६ केबी होतं. पाच सिस्टरांनी मिळून रोज शंभर पानं लिहिली, तरी वर्षाला सव्वादोनशे एमबीच्या आत. ज्या भीतीने २५५ घातले जातात ती भीती कागदावर मांडली की संपते.

मग मर्यादा ठेवलीच नाही का? ठेवली. एकदा चाचणीत एका सिस्टरांकडून चुकून व्हॉट्सॲपच्या गटातलं पूर्ण संभाषण नोंदीत चिकटलं गेलं. म्हणून १ लाख बाइटांची अट घातली, जवळजवळ ३३ हजार चिन्हांची. ती तीन ठिकाणी तपासली जाते : लिहिताना मोबाइलवर, सर्व्हरच्या कोडमध्ये आणि टेबलावरच्या अटीत. तिन्ही ठिकाणी मोजमाप बाइटांतच होतं. एके ठिकाणी अक्षरं आणि दुसरीकडे बाइट मोजले की मोबाइल ‘झालं’ म्हणतो आणि सर्व्हर ‘नाही’ म्हणतो. नाकारलेली नोंद मोबाइलमध्ये जशीच्या तशी राहते, वर लाल पट्टी येते, आणि सर्व्हरने ‘एवढे बाइट मिळाले’ असं उत्तर देऊन ते मूळ आकड्याशी जुळेपर्यंत मोबाइलमधली प्रत हलत नाही. ही शेवटची अट सिस्टरांना सांगितली तेव्हा त्यांना पहिल्यांदा हायसं वाटलं.

लांबी बदलती असली की काही चुका लहान नोंदींवर दिसतच नाहीत. नेटवर्क तुटून एकच नोंद दोनदा पोचू नये म्हणून मी सुरुवातीला मजकुरावरच अनन्यतेचा इंडेक्स, म्हणजे तोच मजकूर दुसऱ्यांदा न घेणारी सूची, लावला होता. चाचणीतल्या सगळ्या नोंदी दोन-तीन ओळींच्या, त्यामुळे सगळं सुरळीत. पहिली चार पानांची नोंद आली आणि नाकारली गेली, कारण पोस्टग्रेसच्या नेहमीच्या इंडेक्समध्ये एका नोंदीला सुमारे २,७०० बाइटांहून जास्त जागा नसते. मुळात विचारच चुकीचा होता, कारण ‘दार बंद’ ही नोंद दोन दिवशी अक्षरशः सारखी असू शकते. आता प्रत्येक नोंदीला मोबाइलवरच एक न जुळणारा क्रमांक मिळतो आणि अनन्यता त्याच्यावर आहे.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. नोंद बदलली की जुनी ओळ पुसली जात नाही, नवी आवृत्ती खाली जोडली जाते आणि दोन्ही वाचता येतात. वहीत सिस्टर खोडतात तेही एका रेघेने, खालचं वाचता येईल असंच.

यादीत नोंदीची झलक दाखवायची होती आणि तिथे तोच जुना धोका परत आला. पहिली १०० चिन्हं दाखवली असती तर कापलेलं वाक्य पुन्हा पडद्यावर, या वेळी माझ्या हाताने. चिन्हांवर कापलं तर ‘नको’चा काना-मात्रा जाऊन ‘नक’ उरतो, जोडाक्षर तुटून हलन्त लोंबत राहतो. अक्षराच्या सीमेवर कापलं तरी ‘गोळी दिली नाही’चं ‘गोळी दिली’ होतंच. म्हणून झलक फक्त वाक्याच्या शेवटी थांबते. पहिलं वाक्य लांब असेल तर ते पूर्ण दिसतं, यादी थोडी वेडीवाकडी झाली तरी. शिवाय मोठ्या सिस्टरांनी स्वतः एक कॉलम सुचवला, ‘पुढच्या भेटीसाठी’. ऐच्छिक, लांबीची वेगळी अट नाही, आणि तो यादीत सगळ्यात वर, पूर्ण दिसतो. या सगळ्या रचनेत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच कॉलम, आणि तो माझा नाही.

शोधाने आमचे तीन आठवडे खाल्ले. एका आजींना एका प्रतिजैविकाची ॲलर्जी होती, नोंदीत ती स्पष्ट लिहिलेली होती, पण ‘ॲलर्जी’ शोधल्यावर सापडत नव्हती. कारण ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो. एक, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलेलं स्वतंत्र चिन्ह. दोन, ‘अ’ आणि त्यावर वेगळं दिलेलं चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडची नेहमीची प्रमाणीकरणाची पद्धतही या दोघांना एक मानत नाही. सिस्टरांचे कीबोर्ड वेगवेगळे, म्हणून दोन्ही रूपं नोंदींत होती.

तसंच ‘तिसऱ्या मजल्यावर’. यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र एक तर नुक्तावाल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून होतो, नाहीतर साध्या ‘र’ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. शोधासाठी न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकावीत, हा पहिला मोह. तसं केलं की दुसऱ्या प्रकारचा ‘ऱ्या’ ‘र्या’ होतो आणि दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी तो जोड ओळखून ‘ऱ्’ करायचा, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. रक्तदाब कुणी ‘१४०’ लिहितं, कुणी इंग्रजी आकड्यांत. तेही एकाच रूपात आणलं.

हे सगळं मूळ मजकुरावर नाही. सिस्टरांनी लिहिलेल्या मजकुराला आम्ही हात लावत नाही. त्यापासून आपोआप तयार होणारा वेगळा शोध-कॉलम आहे. पोस्टग्रेसमध्ये अशी सोय १२ व्या आवृत्तीपासून आहे आणि युनिकोड प्रमाणीकरणाचं फंक्शन १३ पासून. विभक्तीचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या भाषांच्या नियमांत मराठी नाही, त्यामुळे ‘पाणी’ शोधल्यावर ‘पाण्याबरोबर’ मिळत नाही. सिस्टर ज्या शब्दांवर शोध घेतात ते शब्द त्यांच्याकडूनच गोळा केले आणि त्यांची सामान्यरूपं हाताने जोडली : पाणी-पाण्या, गोळी-गोळ्या, जखम-जखमे. सुमारे दोनशे शब्द झाले. रोजच्या कामाला पुरतात.

राहिल्या जुन्या नोंदी. कापलेल्या नोंदी ओळखायची पहिली युक्ती सोपी आहे आणि कुणीही आपल्या टेबलावर आज करून पाहू शकतो. प्रत्येक नोंदीची चिन्हं मोजा आणि कुठल्या लांबीच्या किती आहेत ते मांडा. माणसं आपल्या मर्जीने लिहितात तेव्हा आकडे पसरलेले असतात. आमच्याकडे २५४ वर तुरळक, २५५ वर ढीग आणि पुढे काहीच नाही. इमोजीपाशी कापलेल्या नोंदी या युक्तीत सापडल्या नाहीत, कारण त्या कुठल्याही लांबीवर तुटलेल्या होत्या. त्यासाठी मोबाइल आणि वह्या घेऊन बसावं लागलं. दोन सिस्टरांच्या जुन्या मोबाइलमध्ये सिंक अर्धवट राहिल्यामुळे पूर्ण प्रती शिल्लक होत्या. जे वहीत मिळालं ते वहीतून भरलं, ‘वहीवरून’ अशी खूण करून. उरलेल्या नोंदींवर ‘ही नोंद अपुरी आहे’ असं ठळक लिहिलं. अंदाजाने एकही वाक्य पूर्ण केलं नाही. ‘दे’च्या पुढे काय असेल ते आपल्याला सुचतं, म्हणून ते लिहायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

एक गुंता अजून सुटलेला नाही. अलीकडे दोन सिस्टर बोलून नोंद करतात. जिना चढता-उतरता बोललेला मजकूर एकसलग येतो, पूर्णविराम जवळजवळ नसतातच, त्यामुळे झलकेला थांबायला वाक्याचा शेवट सापडत नाही. विराम आपोआप घालणारं काही जोडावं असं सुचवलं गेलं. पण ‘नाही गोळी दिली’ यात विराम ‘नाही’च्या आधी पडतो की नंतर यावर अर्थ फिरतो, आणि तो निर्णय मला यंत्रावर सोडायचा नाही. तूर्त अशा नोंदी यादीतही पूर्ण दिसतात, पाच ओळींच्या असोत की पन्नास.